वाटाड्याच्या मागून डोंगर आणि किनारा: उष्ण कटिबंधातल्या पहिल्या मोटारसायकल सफरीसाठी

गाईडसोबतच्या सफरीत रस्ता शोधायचा नसतो, मुक्काम ठरवायचा नसतो, गाडी बिघडली तर पाना हातात घ्यायचीही बहुधा वेळ येत नाही. तुमच्याकडे उरतं ते फक्त गाडी चालवणं. नवखा माणूस नेमकं तेच गाईडवर सोपवून मोकळा होतो. पुढची गाडी ज्या वेगानं वळली त्याच वेगानं आपलीही वळेल, असं तो धरून चालतो. पण गाईडला तो घाट तोंडपाठ असतो, कोणत्या वळणावर खडी साचते हेही माहीत असतं. त्यानं दाखवलेला रस्ता घ्यावा. वेग मात्र ज्याचा त्यानं ठरवायचा असतो. चांगल्या सफरीची सगळी व्यवस्था याच हिशेबानं लावलेली असते, आणि ती कळली की मागे पडण्याची भीती जाते.

पैसे भरण्याआधी

पहिला प्रश्न रोजच्या अंतराचा. डोंगराळ, नागमोडी रस्त्यावर थांबे धरून ताशी सरासरी ३० ते ३५ किलोमीटरच पडते. म्हणजे १८० किलोमीटरचा दिवस हा पाच-सहा तासांचा दिवस झाला. कार्यक्रमपत्रिकेत सलग तीन दिवस २५० किलोमीटरचे घाट दिसले, तर ती सफर नवख्यांसाठी आखलेली नाही.

मग विचारा: एका गाईडमागे किती गाड्या? सहा ते आठ ठीक, बारा झाल्या की प्रत्येक थांबा लांबतो आणि रांग रबरासारखी ताणली जाते. सर्वांत मागे जाणारा अनुभवी चालक, म्हणजे स्वीप, आहे का? सामान आणि सुट्या भागांची गाडी सोबत आहे का, आणि ती किती मागे असते? डोंगरात ती अर्धा-पाऊण तास मागे पडू शकते, त्यामुळे ‘मागून गाडी येतेच आहे’ याचा अर्थ ‘लगेच मदत मिळेल’ असा घेऊ नका. कच्चा रस्ता किती आहे हेही विचारा. ‘थोडासा’ हे उत्तर पुरेसं नाही, किलोमीटरमध्ये सांगा म्हणावं.

गाडी निवडायची मुभा असेल तर १५० ते २५० सीसीची हलकी गाडी घ्या. दोन्ही पाय जमिनीला नीट टेकले पाहिजेत. चढावरच्या आखूड वळणात ताकदीपेक्षा वजन जास्त महत्त्वाचं ठरतं. आणि आपला अनुभव गाईडला खरा सांगा. ‘दहा वर्षं चालवतोय’ म्हणजे दहा वर्षं सपाट शहरात चालवली असेल, तर तसंच सांगा. गाड्यांचा क्रम त्यावरून ठरतो.

कागदपत्रं आणि विमा

परदेशात जात असाल तर बहुधा आंतरराष्ट्रीय चालक परवाना लागतो, आणि तो एकाच प्रकारचा नसतो. एक १९४९ च्या जिनिव्हा करारानुसारचा, त्याची मुदत एक वर्ष. दुसरा १९६८ च्या व्हिएन्ना करारानुसारचा, त्याची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं. काही देश दोन्ही मानतात, काही एकच. आपला परवाना त्या देशात चालतो का, हे आधी तपासा. त्यावर मोटारसायकलच्या वर्गाचा शिक्का हवा. फक्त मोटारीचा असेल तर दुचाकीसाठी तो निव्वळ कागद आहे. मूळ परवानाही सोबत ठेवा.

प्रवास विम्यात दुचाकीबद्दलचं कलम शोधून वाचा. बऱ्याच पॉलिसींमध्ये १२५ सीसीच्या वरच्या गाड्या वगळलेल्या असतात. वैध परवाना नसेल किंवा हेल्मेट घातलं नसेल तर दावा नाकारता येतो. डोंगरातून रुग्णालयापर्यंत हलवण्याचा खर्च धरला आहे का, तेही पाहा. गाडीच्या नुकसानीचा विमा हा वेगळा विषय: किती रकमेपर्यंतचं नुकसान तुमच्या खिशातून जाईल, हे सफर आखणाऱ्यांकडून लिहून घ्या. अनामत म्हणून पासपोर्ट ठेवून घेतो म्हणाले, तर त्याची प्रत आणि रोख रक्कम द्यायची तयारी दाखवा.

अंगावर काय, पिशवीत काय

उकाड्यात जाकीट नको वाटतं, म्हणून जाळीचं घ्या, पण घ्याच. खांदे, कोपर आणि गुडघ्यांच्या गाद्यांवर ईएन १६२१-१ आणि पाठीच्या गादीवर ईएन १६२१-२ हे मानक छापलेलं असतं. हेल्मेटवर ईसीई २२.०५ किंवा २२.०६ चा शिक्का पाहा, आणि पट्टा लावून हेल्मेट हातानं हलवा: गालांची कातडी सोबत हलली तर माप बरोबर, नुसतं हेल्मेट फिरलं तर मोठं आहे. काच पारदर्शकच ठेवा. गडद काच लावून लख्ख उन्हातून दाट झाडीत शिरलात, की दोन-तीन सेकंद जवळजवळ आंधळेपणानं चालवता, आणि ओलं शेवाळ असतं नेमकं तिथेच.

पावसासाठी जाकिटाच्या आत लावायचं अस्तर या हवामानात कुचकामी. अस्तर आत कोरडं राहतं, पण बाहेरची जाळी भिजून जड होते, आणि अस्तर लावायला भर रस्त्यात जाकीट उतरवावं लागतं. वरून घालायचा सैल रेनसूट बरा. पँटचे पाय बुटांच्या वरून खाली सोडा, आत खोचू नका. नाहीतर जलरोधक बूट वरून भरतात आणि मग ते पाणी बाहेरही जात नाही. हातमोजे दोन जोड. बूट घोटा झाकणारे. मोजा आणि बाही यांच्यामध्ये मनगटाची जी पट्टी उघडी राहते ती, आणि मानेचा मागचा भाग, पहिल्याच दिवशी भाजतो. दोन्हीकडे सनस्क्रीन लावा.

सामान ३० ते ४० लिटरच्या जलरोधक पिशवीत मावलं पाहिजे. ती सीटवर आडवी ठेवून बकल असलेल्या पट्ट्यांनी बांधा. आकडे असलेली रबरी दोरी टाळा. ती खड्ड्यात सुटते आणि मागच्या चाकात किंवा चेनमध्ये गुंतते. चाक जाम झालं की पुढचं तुमच्या हातात राहत नाही. पट्ट्यांची लोंबणारी टोकंही गाठ मारून आत खोचा.

गाडी ताब्यात घेताना: वीस मिनिटं

सगळ्यांना निघायची घाई असते, तरी ही वीस मिनिटं सोडू नका.

१. गाडीभोवती फिरून मोबाइलवर व्हिडिओ घ्या. टाकी, इंजिनाच्या बाजू, आरसे, दोन्ही लिव्हरची टोकं आणि किलोमीटरचा आकडा त्यात यायला हवा.

२. टायरच्या बाजूवर डॉट या अक्षरांच्या रांगेत शेवटी चार अंक असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालातला २३ वा आठवडा. पाच-सहा वर्षांपेक्षा जुना टायर, खाचा शाबूत असल्या तरी, कडक होऊन ओल्या रस्त्यावर पकड सोडतो. खाचांमधल्या उंचवट्यांच्या खुणांपर्यंत टायर झिजला की तो संपला. पावसाळी घाटासाठी खाचांची खोली ३ मिलिमीटरच्या आसपास असावी.

३. हवा थंड टायरमध्ये मोजा. किती हवी ते स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) किंवा चेनच्या कव्हरवरच्या स्टिकरवर असतं.

४. पुढचा ब्रेक जोरात दाबून धरा. लिव्हर हळूहळू मुठीकडे सरकत गेला किंवा स्पंजासारखा लागला, तर ती गाडी घेऊ नका. पॅडवरचा मसाला २ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर बदलून मागा.

५. चेन खालच्या बाजूला मधोमध वर-खाली हलवा. साध्या रस्त्यावरच्या गाडीत २५ ते ३५ मिलिमीटर ढील असते, उंच सस्पेन्शनच्या गाडीत याहून जास्त. चाक फिरवत तीन-चार ठिकाणी पाहा, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. ताठ चेन ढिल्या चेनपेक्षा वाईट: मागचं चाक वर-खाली होताना ती आणखी ताणली जाते आणि बेअरिंग खाते.

६. हॉर्न, इंडिकेटर, आणि दोन्ही ब्रेकनी वेगवेगळा लागणारा मागचा लाल दिवा. उतारावर मागच्याला तुमचा वेग कमी होतोय हे त्या दिव्यावरूनच कळतं.

७. सीटवर बसून हात सैल टेकवा. ब्रेक आणि क्लचचे लिव्हर मनगट न वाकवता बोटांखाली आले पाहिजेत. नट ढिला करून ते फिरवता येतात, दोन मिनिटांचं काम आहे, आणि आठवडाभराची मनगटदुखी वाचते.

शेवटी रिकाम्या जागेत दहा मिनिटं चालवा. ४० च्या वेगावरून तीन वेळा जोरात थांबा, दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहा. वाहतूक तुमच्या सवयीच्या उलट्या बाजूनं असेल, तर टाकीवर बाणाचा एक स्टिकर लावा. गर्दीत चूक होत नाही, कारण समोर इतर गाड्या दिसतात. ती होते सकाळी रिकाम्या रस्त्यावर, किंवा फोटोसाठी थांबून पुन्हा निघताना.

गटात चालण्याची रीत

सरळ, रुंद रस्त्यावर गाड्या एकाआड एक डाव्या-उजव्या बाजूला राहतात: तिरक्या पुढच्या गाडीपासून एक सेकंद, थेट समोरच्यापासून दोन सेकंद. वळणं सुरू झाली की ही रचना मोडून एकेरी रांग, किमान दोन सेकंद अंतर, पावसात चार. वळणात प्रत्येकाला रस्त्याची आपली पूर्ण बाजू लागते.

फाट्यावर हरवू नये म्हणून बहुतेक गाईड एक साधी पद्धत वापरतात. फाटा आला की गाईड बोटानं जागा दाखवतो. त्याच्या लगेच मागचा चालक तिथे सुरक्षित, लांबून दिसेल अशा जागी थांबतो आणि मागून येणाऱ्यांना दिशा दाखवतो. सगळे गेले, स्वीप आला आणि त्यानं खूण केली, की तो स्वीपच्या पुढे रांगेत शिरतो. पुढच्या फाट्यावर नवा दुसरा चालक थांबतो. अशा रीतीनं प्रत्येक जण आलटून पालटून पुढे-मागे होतो, आणि कोणालाही समोरच्याचा पाठलाग करावा लागत नाही. तुम्ही पंधरा मिनिटं मागे असलात तरी फाट्यावर माणूस उभाच असतो.

ही पद्धत दोनच ठिकाणी फसते. फाट्यावरचा माणूस कंटाळून स्वीप येण्याआधी निघून जातो. नाहीतर पाऊस सुरू होतो, स्वीप रेनसूट चढवतो, त्याचं चमकदार बंडीसारखं जाकीट आत झाकलं जातं आणि उभा असलेला त्याला ओळखत नाही. म्हणून सकाळीच स्वीपचं हेल्मेट आणि गाडीचा रंग लक्षात ठेवा. फाट्यावर कोणीच दिसलं नाही तर मुख्य रस्ता धरा. शंका आली तर शेवटच्या खात्रीच्या जागी परत येऊन थांबा. डोंगरात मोबाइलला रेंज नसते, तेव्हा हरवल्यावर काय करायचं ते निघण्याआधीच ठरलेलं हवं.

चढ आणि उतार

चढावरच्या यू वळणात आतली कड सर्वांत खडी असते. तिथे इंजिन बंद पडलं की गाडी उताराच्या बाजूला कलते, पाय टेकवायला जातो तर जमीन हातभर खाली, आणि गाडी आडवी. म्हणून गिअर वळणाच्या आधीच टाका, पहिला किंवा दुसरा. वळणात क्लच पूर्ण दाबू नका. थोडा सरकवत, हलकी रेस कायम ठेवून, मागचा ब्रेक किंचित लावून फिरा. नजर चाकासमोर नको, वळणाच्या शेवटाकडे हवी. मान शब्दशः वळवावी लागते. समोरून काही येत नाही हे दिसत असेल, तर आपल्या बाजूच्या बाहेरच्या कडेनं शिरा, तिथे चढ सौम्य असतो.

आंधळ्या वळणासाठी एक खूण: रस्त्याच्या दोन्ही कडा जिथे मिळालेल्या दिसतात तो बिंदू पाहत राहा. तो तुमच्याकडे येत असेल तर वळण आवळतंय, वेग उतरवा. तो पुढे पळू लागला की वळण उलगडतंय. दिसणाऱ्या रस्त्याच्या निम्म्या लांबीत थांबता आलं पाहिजे, कारण अरुंद घाटात समोरचाही तुमच्याच बाजूनं येऊ शकतो. बस किंवा ट्रक वळणात शिरताना दिसला तर वळणाच्या अलीकडे थांबून त्याला जागा द्या. त्याच्या आतल्या बाजूला कधीही शिरू नका. मागची चाकं आतून कापत येतात.

उतार ही खरी परीक्षा. ज्या गिअरमध्ये चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, म्हणजे वेग इंजिन धरून ठेवतं. ब्रेक ठरावीक जागी, ठाम लावा आणि सोडा. हलकासा सतत दाबून ठेवला तर पॅड आणि डिस्क तापत जातात आणि उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोचते. डॉट ४ प्रकारचं ताजं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतली ओल शोषतं, आणि ओल धरलेल्या ऑइलची हमी १५५ अंशांपर्यंतचीच. दमट किनाऱ्यावर वर्षानुवर्षं फिरणाऱ्या भाड्याच्या गाडीत ते कोणत्या अवस्थेत असेल याचा अंदाज करा. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते, आणि लिव्हर ब्रेक न लागताच मुठीला टेकतो. तो मऊ लागू लागला तर वाट पाहू नका: गिअर उतरवा, थांबा, वीस-तीस मिनिटं निवू द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकडी होते. ऑटोमॅटिक स्कूटरमध्ये इंजिनाचा हा आधार कमी मिळतो आणि अगदी कमी वेगात तर सुटतोच, तेव्हा लांब उतारावर स्कूटर हवी का, याचा आधीच विचार करा. न्यूट्रलमध्ये किंवा इंजिन बंद करून उतरणं पूर्ण वर्ज्य.

उंचीवर दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश तापमान उतरतं. किनाऱ्यावर ३४ असेल तर १८०० मीटरवर २२ च्या आसपास, आणि भिजलेल्या कपड्यात वारा लागला की हुडहुडी. इंजिनाची ताकदही हजार मीटरला सुमारे दहा टक्के घटते. कार्ब्युरेटरची, म्हणजे पेट्रोल-हवा मिसळण्याच्या जुन्या यंत्रणेची गाडी तिथे अडखळते, काळा धूर सोडते. ती बिघडलेली नसते.

पाऊस आणि अंधार

उष्ण कटिबंधात डोंगरावर ढग बहुधा दुपारनंतर दाटतात. सकाळी साडेसहा-सातला निघून दोन-तीनपर्यंत उंच भाग ओलांडणं हाच त्यावर उपाय. पहिल्या सरीची सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं सर्वांत निसरडी, कारण तेल आणि धूळ वर येते. शक्य असेल तर तेवढा वेळ थांबूनच जा. नंतर जपायचं ते रंगवलेले पट्टे, पुलांचे लोखंडी सांधे, पालापाचोळा आणि वळणात वाहून आलेली खडी. रस्त्यावरून लाल, गढूळ पाणी वाहत असेल किंवा वरून बारीक दगड ओघळत असतील, तर त्या उताराखाली थांबू नका, फोटोसाठी तर नाहीच. वाहत्या ओढ्यात तळ दिसत नसेल तर गाईड आधी चालत जाऊन पाहील.

विषुववृत्ताजवळ संधिप्रकाश वीस-पंचवीस मिनिटांचाच. सूर्य बुडाला की लगेच काळोख, आणि रस्त्यावर गुरं, कुत्री, दिवे नसलेल्या सायकली.

किनारा

घाट उतरल्यावर सगळे सैल होतात. रस्ता सरळ, समोर समुद्र, आणि डांबरावर वाऱ्यानं पसरलेला वाळूचा पातळ थर. त्यावर गाडी सरळ ठेवा, झुकवू नका, पुढचा ब्रेक अगदी हलका. झाडी संपून पूल किंवा खाडी येते तिथे वारा अचानक बाजूनं ढकलतो. हँडल घट्ट आवळू नका, गुडघ्यांनी टाकी धरा.

मऊ वाळूत स्टँड रुततो आणि गाडी काही मिनिटांनी निवांत पडते. स्टँडखाली चपटा दगड किंवा लाकडाचा तुकडा ठेवा. नारळाच्या झाडाखाली गाडी लावू नका आणि स्वतःही बसू नका, हा विनोद नाही. पुळणीवर ओल्या वाळूतून गाडी पळवण्याचा मोह फोटोंमुळे होतो. खाऱ्या पाण्याचे शिंतोडे चेन, बेअरिंग आणि वायरिंगच्या जोडांत जातात. किनाऱ्यावरचा दिवस संपला की गोड्या पाण्यानं गाडी धुवा, पण चाकाच्या मध्यावर आणि चेनवर जोराचा फवारा मारू नका. वाळल्यावर चेनला वंगण लावा. एरवी दर ५०० किलोमीटरला, पावसात रोज.

फेरीबोटीवर चढताना लोखंडी फळी ओली असते: सरळ रेषेत, ब्रेक न लावता. आत गेल्यावर पहिला गिअर, बाजूचा स्टँड, आणि पुढचा ब्रेक पट्टीनं आवळून बांधलेला.

शरीर

गाडी चालवताना वाऱ्यानं घाम उडून जातो, त्यामुळे पाणी किती गेलं ते कळत नाही. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी घोट घोट घ्या. फार घाम जात असेल तर दिवसातून एकदा क्षारसंजीवनी. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची २०.५ ग्रॅमची पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात, त्याहून कमी पाण्यात नाही. हवा ३५ अंशांच्या वर गेली की वारा कोरड्या अंगाला थंड करत नाही, उलट तापवतो. तेव्हा आतला शर्ट ओला करून घाला. हवा दमट असेल तर तेही फारसं चालत नाही, मग सावलीचे थांबे वाढवा.

गिअर चुकणं, इंडिकेटर चालू राहणं, क्षुल्लक गोष्टीवर चिडणं ही थकव्याची पहिली लक्षणं. माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा चालताना झोकांड्या जाऊ लागल्या, तर तो उष्माघात समजा: सावली, कपडे सैल, अंगावर पाणी, वारा, आणि लगेच डॉक्टर.

पडलं-झडलं तर

नवखे बहुधा चालायच्या वेगातच पडतात: गाडी वळवताना, खडीवर थांबताना. तोल गेलेली गाडी पायानं सावरायला जाऊ नका. गाडीचा लिव्हर बदलता येतो, घोट्याला महिने लागतात. उचलताना इंजिन बंद, गिअरमध्ये, गाडीकडे पाठ करून, गुडघ्यांच्या जोरावर. गाडी उजवीकडे पडली असेल तर उचलण्याआधी स्टँड उघडून ठेवा.

कोणी खरोखर आपटलं, तर आधी वळणाच्या दोन्ही बाजूंना शंभरेक मीटरवर माणसं उभी करून वाहतूक थांबवा. श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट काढू नका, मान हलवू नका. पुढचे निर्णय गाईड किंवा स्वीप घेईल. बाकीच्यांनी घोळका न करता गाड्या रस्त्याबाहेर घ्याव्यात.

गाडी परत देताना

शेवटच्या दिवशी गाडी धुतल्यावरच तपासणी करून घ्या, चिखलाखालचे ओरखडे नंतर निघाले की वाद होतात. पहिल्या दिवशीचा व्हिडिओ हाताशी ठेवा. नवा ओरखडा असेल तर तो स्वतःहून दाखवा आणि दुरुस्तीची रक्कम भागानुसार लिहून मागा: लिव्हर इतका, आरसा इतका, मजुरी इतकी. टाकी जेवढी भरून मिळाली होती तेवढीच भरून द्या, आणि अनामत हातात पडेपर्यंत किल्ली देऊ नका.